सही नसलेली खुर्ची

मुख्यमंत्री फेलोशिपची जाहिरात निघाली की मला फोन यायला लागतात. ओळखीच्यांची मुलं असतात, कधी त्या मुलांच्या मैत्रिणी, कधी आमच्याच कार्यालयातल्या कुणाची भाची. पदवी झालेली असते, एखाद्या कंपनीत वर्षभर काढलेलं असतं, स्पर्धा परीक्षेचा विचार डोक्यात घोळत असतो. "मॅडम, यात एक वर्ष घालवू का?" अशी सुरुवात होते. मग आई किंवा वडील फोन हातात घेतात आणि थेट मुद्द्यावर येतात. "ते झाल्यावर पुढं काय?"

हा प्रश्न मी कधीच हलका मानत नाही. ज्या घरात धाकट्याची फी, विहिरीचं कर्ज आणि थोरलीचं लग्न एकाच वर्षाच्या हिशेबात बसवायचं असतं, तिथं पदवी झालेल्या मुलीचं एक वर्ष ही मोठी रक्कम असते. 'अनुभव मिळेल' एवढ्यावर त्या घरानं ते वर्ष का सोडावं? मी अशाच घरातून आले. सांगली जिल्ह्यातलं खेडं, पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकी, मग एका बांधकाम सल्लागाराकडे नोकरी. सरकार म्हणजे सातबारा, जातीचा दाखला आणि एसटीचा पास, एवढीच माझी ओळख. २०१२ साली केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्या पंतप्रधान ग्रामविकास फेलोशिपसाठी निवड झाली आणि मी गडचिरोलीला गेले. आज मी गटविकास अधिकारी आहे. मध्ये राज्यसेवेची परीक्षा आहे, अभ्यासाची वर्षं आहेत. पण मी या वाटेला लागले ती परीक्षेमुळे नव्हे. कशामुळे, ते फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

राज्यात आज अशा संधी बऱ्याच आहेत. मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली, मध्यंतरी बंद पडली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. २१ ते २६ वयाच्या मुलामुलींना तीत वर्षभर सरकारी कार्यालयात काम करता येतं. 'टीच फॉर इंडिया'चे फेलो २००९ पासून पुण्या-मुंबईच्या शाळांत शिकवतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या 'निर्माण'च्या शिबिरांतून गेलेले डॉक्टर आणि इंजिनिअर मला कामाच्या निमित्ताने अनेक जिल्ह्यांत भेटतात. आमची फेलोशिप नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी होती. जयराम रमेश तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. एकात्मिक कृती आराखड्यातून अशा जिल्ह्यांना २०१०-११ मध्ये प्रत्येकी २५ कोटी आणि पुढच्या वर्षी ३० कोटी रुपये देण्यात आले होते. तो खर्च ठरवणाऱ्या समितीत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि वनाधिकारी असत. पैसा येत होता, पण गावापर्यंत जाऊन परत येऊन नेमकं काय दिसलं ते सांगणारी माणसं कमी होती. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली दोन वर्षांसाठी तरुण फेलो द्यायचे, त्यांच्या प्रशिक्षणाची बाजू टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं सांभाळायची, अशी रचना होती.

फेलोला सहीचा अधिकार नसतो. जिल्हाधिकारी कार्यालयात त्याला खुर्ची मिळते, टेबल मिळतं, कधीकधी गाडी मिळते. बैठकीत बसायला मिळतं, बोलायलाही मिळतं. पण त्याच्या सहीनं एक रुपया इकडचा तिकडे होत नाही, एक शिपाई बदलत नाही, एक दाखला निघत नाही. परिविक्षाधीन अधिकाऱ्यालाही सुरुवातीला फारसे अधिकार नसतात, पण उद्या हे साहेब होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्या उद्याचा मान त्यांना आज मिळतो. फेलोचा उद्या कुणालाच माहीत नसतो. त्याला जे काही करून घ्यायचं ते विचारून, समजावून, पुन्हा पुन्हा जाऊन आणि कागद नीट तयार ठेवून करून घ्यावं लागतं.

माझं ठाम मत असं झालं आहे की फेलोशिपमधून माणसाला लोकसेवेचं वळण लागतं ते या सही नसण्यामुळे. ज्यांच्या हातात सही आहे त्यांच्यापुढे आयुष्यभर लोक हात जोडून उभे असतात. समोरच्याला काम का करावंसं वाटत नाही, त्याला कशाची भीती आहे, कोणत्या नियमामागे तो दडतो आणि कोणत्या नियमानं त्याला धीर येईल, हे शोधण्याची त्यांना गरजच पडत नाही. फेलोला ती रोज पडते. आणि हे शोधताना तो सरकारी यंत्रणा खालून वर वाचायला शिकतो. ती वरून खाली कशी आखली आहे ते पुस्तकात असतंच.

खालून वर म्हणजे कुठून, तर आमच्या कार्यालयातल्या एका अव्वल कारकुनांच्या टेबलापासून. सगळे त्यांना बाबूजी म्हणत, मीही म्हणू लागले. निवृत्तीला आलेले, शांत, चष्मा कपाळावर. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे फाइल मागितली तेव्हा त्यांनी ती दिली आणि विचारलं, "मॅडम, कुठून वाचणार?" मी पहिलं पान उघडलं. ते म्हणाले, "पत्रव्यवहार नंतर वाचा. आधी टिपणी वाचा. आणि टिपणीत होकार कोणी दिला ते पाहू नका, प्रश्न कोणी विचारला ते पाहा."

त्या दिवसापासून मी टिपण्या वाचायला लागले. फाइल म्हणजे दप्तरदिरंगाईचं दुसरं नाव, अशा समजुतीत आपण वाढतो. वाचायला लागल्यावर दिसलं की फाइल हा एक लांबलेला संवाद असतो. कुणी एक लिपिक कित्येक वर्षांपूर्वी लिहून ठेवतो की या गावाची जागा वनविभागाच्या हद्दीत येत असल्यानं आधी मोजणी करून घेणे योग्य होईल. त्याच्यावर चार सह्या होतात, मोजणीची फी कुणी भरायची यावर फाइल थांबते, लिपिकाची बदली होते. पुढे नवा साहेब येतो, आढावा घेतो, 'काम का रखडलं' म्हणून विचारतो आणि सगळं नव्यानं सुरू होतं. उत्तर फाइलमध्येच असतं. अमुक हजार रुपये मोजणी फी. बाबूजींना अशी उत्तरं पाठ होती, पण त्यांना कुणी विचारत नसे आणि न विचारता सांगायची त्यांची रीत नव्हती. माझ्याकडे वेळ होता, सही नव्हती, म्हणून मी विचारत असे. फेलोशिपमधलं माझं अर्धं शिक्षण या टेबलाशी झालं, आणि ते प्रशिक्षणाच्या कोणत्याही आराखड्यात लिहिलेलं नव्हतं.

उरलेलं अर्धं गावात झालं. त्यातली एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आजही माझं रोजचं काम तिच्यावर चालतं.

रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेला आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकारानं १९७२ च्या दुष्काळात ही योजना राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यानं ती देशभर नेली. मी गेले तेव्हा या केंद्रीय कायद्याची रीत अशी होती: मजुरानं नमुना ४ भरून काम मागायचं, ग्रामपंचायतीनं त्याला नमुना ५ ची पोच द्यायची, पंधरा दिवसांत काम द्यायचं, आणि नाही दिलं तर बेरोजगार भत्ता. प्रशिक्षणात हे मी छान शिकले होते, परीक्षेत लिहिलंही असतं. एका गावात गेले तर बायका म्हणाल्या, काम मागून दोन महिने झाले. पोच आहे का, म्हणून विचारलं. होती. प्रत्येकीनं डब्यातून, पिशवीतून, एकीनं देवाच्या फोटोमागून ती काढून दाखवली. पोच बरोबर होती, नाव बरोबर होतं, शिक्का होता. तारखेची जागा कोरी होती.

तारीख नाही म्हणजे पंधरा दिवस कधीपासून मोजायचे ते ठरत नाही, आणि ते ठरत नाही म्हणजे कायदा त्या गावात सुरूच होत नाही. संसदेनं केलेला कायदा, एवढा मोठा, त्या दोन इंचांच्या कोऱ्या जागेत अडकून बसलेला मी डोळ्यांनी पाहिला. ग्रामरोजगार सेवक तरुण पोरगा होता, त्याच गावचा. मी विचारलं तर तो ओशाळला. "तारीख टाकून देतो मॅडम, पण काम निघालं नाही त मंग बोलणी मलेच बसतील." त्याला दर महिन्याला ठरलेला पगारही नव्हता, कामाच्या प्रमाणात मानधन, तेही उशिरा. तालुक्यात काम मंजूर नाही, तांत्रिक मान्यता देणारा अभियंता दोन जागांचा पदभार सांभाळतो आहे, आणि भत्त्याची वेळ आली तर जबाबदारी शोधत सगळे त्याच्या दारात येणार. तो तारीख सोडून स्वतःला वाचवत होता. त्याच्यावर रागावून काय उपयोग होता?

मी बाबूजींकडे गेले. अधिकाऱ्यांकडे तक्रार करावी का, असं विचारायचं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या पोराला कशाला मधे घेता? अर्ज पंचायत समितीच्या आवकला द्या." नमुना ४ ग्रामपंचायतीप्रमाणेच तालुक्याच्या कार्यालयातही देता यायचा. आवक नोंदवहीत अर्जाला क्रमांक पडतो, तारखेचा शिक्का बसतो. आवक लिपिकाला कोणत्याही कागदाची तारीख कोरी ठेवता येत नाही, कारण पुढचा क्रमांक त्याची वाट पाहत असतो. बायका गटानं तालुक्याला गेल्या, अर्ज दिले, झेरॉक्सवर शिक्के घेऊन आल्या. मी फक्त बरोबर होते. पुढे गावच्या माजी मालगुजारी तलावाचा गाळ काढायचं काम निघालं. आमच्या भागात त्याला मामा तलाव म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या धानशेतीचा मोठा आधार. त्या उन्हाळ्यात तलावावर मस्टर लागलं आणि रोजगार सेवकानंच ते भरलं, मोकळ्या मनानं, कारण आता त्याच्याकडे मंजूर काम होतं.

ही काही मोठी कामगिरी नव्हे आणि मी ती तशी सांगत नाही. एका गावात एका हंगामापुरतं झालं ते. पण तिथं मला कळलं ते असं की गरिबाच्या बाजूनं उभं राहायला नेहमी नवी योजना लागत नाही. कार्यालयात शंभर वर्षं चालत आलेली, कुणाचं लक्षही न जाणारी आवक नोंदवही त्याच्या कामी लावता येते. ती कशी लावायची ते माहीत असलेला माणूस तिथंच बसलेला असतो. आणि ज्याला ती लागते त्या बाईपर्यंत ते पोचत नाही. या दोघांच्या मधल्या जागेत काम करावं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. राज्यसेवेचा अर्ज मी भरला तो त्यानंतर. आता पंचायत समितीत ई-मस्टर माझ्या मंजुरीनं निघतात. ग्रामपंचायतीला भेट दिली की मी आधी पोचपावत्यांच्या स्थळप्रती मागते आणि तारखेचा रकाना बघते. ग्रामसेवकांना एव्हाना हे माहीत झालं आहे, त्यामुळे रकाना भरलेला असतो. भरलेली तारीख खरी आहे की नाही ते बघायला मात्र गावात जाऊन बायकांशी बोलावं लागतं.

गडचिरोलीनं आणखी एक गोष्ट शिकवली, जी कार्यालयात शिकता आली नसती. मेंढा (लेखा) गावाची गोष्ट मराठी वाचकांना नवी नाही. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि तो कुणी द्यायचा यावर घोडं अडलं. एप्रिल २०११ मध्ये, तेव्हा वन आणि पर्यावरण खात्याचे मंत्री असलेले जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हवाली झाली. बातमी झाली ती त्या कार्यक्रमाची. मी गेले तेव्हा मला त्या कार्यक्रमापेक्षा गावाचा अभ्यासगट मोलाचा वाटला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं या गावानं कित्येक वर्षं कायदे वाचले, समजून घेतले, एकमत होईपर्यंत चर्चा केली. निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. एखाद्याची शंका उरली असेल तर विषय पुढच्या बैठकीत. माझ्यासारख्या शहरात शिकलेल्या, प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त त्याच संध्याकाळी मेल करायची सवय लागलेल्या मुलीला ही गती सोसत नव्हती. हळूहळू दिसलं की तिथं ठरलेल्या गोष्टी मोडत नाहीत. आमच्या आढावा बैठकीत ठरलेल्या गोष्टी मात्र पुढच्या बैठकीपर्यंत निम्म्या उरत.

२०१३ च्या हंगामात पूर्व विदर्भातल्या काही ग्रामसभांनी तेंदूपत्ता स्वतः विकायचं ठरवलं. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. लिलावाची नोटीस कशी काढायची, ठेकेदाराकडून अनामत किती घ्यायची, बँकेत ग्रामसभेच्या नावानं खातं उघडताना व्यवस्थापक अडवेल तर कोणता कागद दाखवायचा, फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे मोजणाऱ्या मुन्शीची नोंद आणि गावची नोंद रोज संध्याकाळी कशी पडताळायची, अशा बारीक बाबींवर सगळं अवलंबून होतं. फेलो म्हणून माझ्यासारख्यांचा उपयोग इथं झाला. कायद्याचं पुस्तक आणि फळीवरची वही यांच्यामध्ये जो हिशेब असतो तो मांडून दाखवायला. गावात शिकलेली पोरं होतीच. त्यांनी ते दुसऱ्या हंगामात आमच्याशिवाय केलं. दुसऱ्या हंगामात आपली गरज पडली नाही याचा आनंद होणं, ही मला फेलोशिपची खरी परीक्षा वाटते. काही चांगले, हुशार फेलो या परीक्षेत मागे पडताना मी पाहिले. त्यांना आपण उभं केलेलं काम सोडवत नव्हतं.

या सगळ्याकडे मागे वळून बघताना मला आपल्याकडचे जुने दाखले आठवतात. तरुण माणसाला लोकसेवेसाठी घडवायचं असेल तर त्याचा काही वर्षांचा निर्वाह समाजानं उचलावा, हा विचार महाराष्ट्राला परका नाही. गोपाळ कृष्ण गोखले स्वतः डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होते, महिना पंच्याहत्तर रुपयांवर वीस वर्षं शिकवायची प्रतिज्ञा घेतलेले. त्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षांचं प्रशिक्षण ठेवलं. वाचायचं, देशभर हिंडायचं, वडीलधाऱ्यांच्या हाताखाली काम करायचं. १९१५ मध्ये आफ्रिकेतून परतलेल्या गांधींनाही गोखल्यांनी वर्षभर देश बघायला आणि जाहीर प्रश्नांवर न बोलायला सांगितलं होतं. या समाजातून ना. म. जोशी निघाले. १९०९ मध्ये ते दाखल झाले, १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी केली, १९२० मध्ये आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत पुढे होते. ठक्करबाप्पा पुण्यातच स्थापत्य शिकलेले, मुंबई पालिकेत अभियंता. सफाई कामगारांच्या वस्त्या पाहून अस्वस्थ झालेले. चाळिशी उलटल्यावर, १९१४ मध्ये, ते भारत सेवक समाजात आले आणि पुढचं आयुष्य भिल्लांच्या आणि इतर आदिवासींच्या कामाला दिलं. मीही स्थापत्यातली, म्हणून त्यांच्याविषयी मला विशेष जवळीक वाटते.

गोखल्यांच्या पाच वर्षांपुढे आजचं एक वर्ष ठेवलं की माझी मुख्य तक्रार समोर येते. वर्षभरात पहिले तीन महिने कार्यालय समजण्यात जातात, शेवटचे दोन पुढची सोय बघण्यात. मधल्या काळात पावसाळा असतो, आचारसंहिता असू शकते, जिल्हाधिकाऱ्यांची बदली होऊ शकते. शेतीचा एक पूर्ण फेरा बघून झाला नाही तोच निरोपाचा कार्यक्रम. मग फेलोला जे लवकर करता येतं तेच त्याला दिलं जातं: सादरीकरण, माहितीचा तक्ता, डॅशबोर्ड, मंत्र्यांच्या दौऱ्याआधीची यशोगाथा. मुलं हे सुंदर करतात, आणि अधिकाऱ्यांना त्याची सवय लागते. पण आवक नोंदवही काय करू शकते हे तक्त्यातून कळत नाही. माझ्या हातात असतं तर मी प्रत्येक फेलोशिप किमान दोन वर्षांची केली असती आणि त्यातला निम्मा काळ तालुक्याच्या खाली ठेवला असता.

मानधनाबद्दल मात्र मी हात आखडता घेऊ नये असंच म्हणेन. फेलोला एवढे पैसे कशाला, सेवा करायची तर थोडक्यात करावी, असं म्हणणारे भेटतात. थोडक्यात सेवा करणं ज्याच्या घरी परवडतं त्यालाच परवडतं. माझ्या मानधनातून घरी पैसे जात होते, म्हणून मी दोन वर्षं गडचिरोलीत राहू शकले. निवडीच्या वेळी इंग्रजी किती सफाईदार आहे यापेक्षा मुलीनं गावातला एखादा प्रश्न कसा शोधला आणि कागदापर्यंत कसा नेला, हे बघितलं तर मानधनाचा पैसा योग्य घरी जाईल.

आणि या बाबतीत सर्वांत मोठा दाखला बडोद्याचा. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड. बदल्यात करार होता, परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्यात गेले. महाराजांच्या राजधानीत त्यांना राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहावं लागलं आणि तिथूनही हुसकावलं गेलं. त्यांनी बडोदा सोडलं. त्यानंतर मुंबई, १९२० मध्ये 'मूकनायक', ज्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली, मग लंडनचं अपुरं शिक्षण पूर्ण करणं, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा. ज्यानं पैसे दिले त्याच्या मनात एक वाट होती. ज्यानं घेतले तो त्याहून फार मोठ्या वाटेनं गेला. करार पुरा झाला नाही, आणि त्या शिष्यवृत्तीइतकं फळ देशात फार थोड्या शिष्यवृत्त्यांनी दिलं असेल.

मी हा दाखला नेहमी दोन कारणांनी सांगते. एक म्हणजे फेलोशिप संपल्यावर मुलं सरकारात राहिली नाहीत तर पैसा वाया गेला, असं मोजू नये. आमच्या तुकडीतले काही सनदी सेवेत गेले, काही संस्थांत, काही खासगी क्षेत्रात. बँकेत गेलेली माझी एक मैत्रीण बचत गटांच्या कर्जाची प्रकरणं ज्या समजुतीनं बघते ती समजूत तिला गावातच मिळाली. दुसरं कारण अधिक अस्वस्थ करणारं आहे. आंबेडकरांना शिकवून तयार केलं, पण ज्या कार्यालयात आणि शहरात त्यांनी परत यायचं होतं ते तयार केलं गेलं नाही. आजही आपण मुलांना घडवण्यावर खर्च करतो, आणि ती ज्या कार्यालयात जातात ते कार्यालय तसंच राहतं. मुलगी वर्षभर राबते, जाते, आणि पुढच्या वर्षी नवी मुलगी त्याच टेबलावर पहिल्या पानापासून सुरुवात करते.

तलाठी बदलला की तो दप्तराची यादी करून पदभार देतो. गाव नमुने किती, नकाशे किती, अपुऱ्या नोंदी किती. लिपिकाची बदली झाली तरी प्रलंबित प्रकरणांची यादी होते. फेलोच्या बाबतीत अशी पद्धत मला कुठं दिसली नाही, म्हणून मी आमच्या तालुक्यात ती सुरू केली आहे. जिल्हा परिषदेकडून आमच्याकडे कामाला येणारा फेलो जाण्याआधी स्वतःच्या अक्षरात पदभार यादी लिहितो. कोणता वनहक्क दावा कुठल्या टेबलावर कोणत्या प्रश्नावर थांबला आहे. कोणत्या गावात कुणाशी बोलावं. कोणता प्रयत्न फसला आणि का. आणि एक रकाना सक्तीचा: गावाला मी काय कबूल केलं होतं. ही यादी आवक नोंदवहीत नोंदवून मी तिच्यावर सही करते, कारण त्या कबुल्या आता कार्यालयाच्या झालेल्या असतात. मागच्या यादीतल्या दोन तलावांची कामं या उन्हाळ्याच्या आराखड्यात धरली आहेत. तिसऱ्याची हद्द वनविभागाशी मोजून घ्यायची आहे. मोजणीची फी पंचायत समितीनं भरावी, अशी टिपणी गेल्या आठवड्यात सादर झाली आहे.